मोजणी पूर्ण, दिवा बंद

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी १८४० वाजता मी माझ्याच घराच्या अंगणात पोस्ट घेतली. लाकडी खुर्ची, पाण्याची बाटली, वही, पेन्सिल आणि खिशात मूठभर खडे. तोंड पश्चिमेच्या भिंतीकडे. काम एकच होतं. माळ्यावरची वटवाघळं कुठून निघतात, किती वाजता निघतात आणि किती निघतात ते पाहायचं.

मी फौजेत चोवीस वर्षं काढली आणि हवालदार म्हणून घरी आलो. गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, जैनथपासून सहा किलोमीटरवर, पैनगंगेच्या अलीकडचं. नदीपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगण आणि दोन्हीकडे कापूस. वडील इथल्याच एका पाटलाकडे सालदार होते. मी भरती झालो आणि काही वर्षांनी हे घर बांधलं. मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं, त्यांच्याखाली सागाच्या फळ्यांचा माळा. बांधलं मी असं म्हणतो, पण उभं केलं ते मायानं, माझ्या बायकोनं. मी सुट्टीवर येऊन नुसत्या चुका काढायचो. माया तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून खाली मी एकटा आणि माळ्यावर वटवाघळं.

खरं सांगायचं तर मला त्यांचा काही त्रास नव्हता. दिवस मावळला की वर खसखस सुरू व्हायची आणि घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. फौजी माणसाला असं वाटणं शोभत नाही. पण वाटायचं.

तरी त्यांना काढणं भाग होतं, कारण सुजाता येणार होती. सुजाता माझी एकुलती एक मुलगी, भैंशाला दिलेली. जावई शाळेत शिक्षक. भला माणूस आहे, फक्त आईसमोर त्याचं तोंड उघडत नाही. सुजाताला सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. माया असती तर प्रश्नच नव्हता. शेजारच्या कमलाबाईंनी मदतीला यायचं कबूल केलं होतं, त्यामुळे तीही काळजी मिटली होती. अडलं ते वटवाघळांपाशी. संक्रांतीला विहीणबाई येऊन गेल्या, तेव्हा त्यांच्या खाटेवर वरून लेंड्या पडल्या होत्या. त्या लेंड्यांची धूळ छातीला वाईट, तान्ह्या लेकराला तर फारच, असं आरोग्य केंद्रातल्या बाईंनीही सांगितलं होतं. मग विहीणबाईंनी मला फोनवर सरळ ऑर्डरच दिली.

"हवालदारसाहेब, बुद्धपौर्णिमेपर्यंत घर साफ करा. झालं तं सुजाता येईल तुमच्याकडं. नाई झालं तं इथंच होईल बाळंतपण. येवढी बॉर्डर सांभाळली तुमी, वटवाघळं नाई निघत का?"

मी "येस" म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा विहिणीला येस म्हणालो.

गावानं भरपूर उपाय सुचवले. डांबराच्या गोळ्या टाकल्या, त्यांचा वास मलाच लागला. मिरचीचा धूर केला. वटवाघळं जागची हलली नाहीत, मी मात्र अर्धा तास अंगणात खोकत बसलो. तेव्हा ठरवलं, आता आपल्या पद्धतीनं करायचं. आधी नजर ठेवायची. ती जिथून ये-जा करतात ते भोक शोधायचं. बाकीच्या फटी बुजवायच्या. मग एका संध्याकाळी सगळी बाहेर पडली की शेवटचं भोक जाळीनं बंद करायचं. कुणाला मारायचं नाही, नुसतं परत आत येऊ द्यायचं नाही.

पहिल्याच दिवशी भोक सापडलं. पश्चिमेची भिंत आणि कवेलू जिथे भेटतात तिथे हातभर लांबीची फट होती. पहिलं वटवाघूळ १९०२ ला बाहेर आलं, शेवटचं १९३१ ला. इतक्या वेगानं निघतात की एकेक मोजणं जमत नाही. म्हणून पाच झाली की एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकायचो. शेवटी खडे मोजायचे, वर उरलेली मिळवायची आणि वहीत लिहायचं. पहाटे ०४४५ ला पुन्हा खुर्चीवर बसून परतीची मोजणी. पहिले काही दिवस आकडा एकशे चौदा ते एकशे एकोणीसच्या मध्ये फिरत राहिला. मग सलग चार दिवस एकशे अठरा. एकशे अठरा गेली, एकशे अठरा आली. ती वही पाहून मला फार बरं वाटत होतं. रिटायर झाल्यापासून इतकं नीट काम माझ्या हातून झालं नव्हतं.

फटी बुजवायला गंगन्नाला बोलावलं. गंगन्ना आमच्या भागातला कवेलू फेरणारा. पावसाळ्याआधी घराघरावर चढून फुटके कवेलू बदलतो, सरकलेले नीट बसवतो. मूळचा तेलुगू, पण चाळीस वर्षं मराठी माणसांच्या घरांवर काढल्यामुळे आमच्यासारखंच बोलतो. त्यानं घराभोवती एक चक्कर मारली आणि दारावरच्या बल्बाखाली येऊन उभा राहिला. दिवसाउजेडी तो बल्ब जळत होता. मी विझवायला विसरलो होतो.

"हवालदार, हा लाईट रातभर काऊन जळते तुमचा? लाईटवर किडे येतात. किड्याच्या मागं हे गब्बिलं येतात." तेलुगूत वटवाघळांना गब्बिलं म्हणतात. "लाईट बंद करा, अर्धे असेच निघून जातात."

"लाईट बंद होणार नाही."

"काऊन?"

"नाही होणार. तू फटी बघ."

त्यानं खांदे उडवले. हाच प्रश्न मायानंही विचारला होता, एकदा नाही, अनेकदा. तिलाही मी हेच उत्तर दिलं होतं. पुढे तिनं विचारणं सोडलं आणि दिवस बुडाला की स्वतःच बटण दाबायला लागली.

दोन दिवसांत गंगन्नानं सगळ्या फटी माती आणि तारेच्या जाळीनं बुजवल्या. उरली पश्चिमेची एकच. बुद्धपौर्णिमेच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, तो जाळीचा तुकडा आणि खिळे घेऊन शिडीवर तयार होता. मी खाली मोजत होतो. १९३३ ला एकशे अठरावं बाहेर पडलं. पाच मिनिटं वाट पाहिली. आणखी एकही आलं नाही.

"बंद कर," मी म्हणालो.

गंगन्ना शिडीवरून खाली बघत राहिला. "एक डाव माळ्यावर चढून पाहू ना. मंग ठोकतो."

"चार दिवस आकडा एकच आहे. एकशे अठरा बाहेर. आत शून्य."

"बाहेर गेले ते मोजले तुमी. अंदर कोन राह्यलं ते कुठं मोजलं?"

"मोजणी पूर्ण आहे, गंगन्ना. बंद कर."

"बरं. तुमचं घर, तुमचा हुकूम."

त्यानं जाळी ठोकली. 'मोजणी पूर्ण आहे, बंद कर.' हे शब्द याआधीही एकदा माझ्या तोंडून निघाले होते. त्या संध्याकाळी मला ते आठवले नाहीत.

पहाटे ०४५५ ला ती परत आली. जाळीवर आपटली, मागे फिरली, पुन्हा आली. घराभोवती नुसता भोवरा झाला होता. काही माझ्या कानाजवळून गेली. असं का करतात, दुसरीकडे का जात नाहीत, हा विचार माझ्या मनात यायला हवा होता. आला नाही. मला वाटलं, आडमुठी जात आहे, समजेल हळूहळू. ०५४० ला उजाडलं आणि ती नदीच्या बाजूला, कापसाच्या जुन्या पडक्या जिनिंग गिरणीकडे निघून गेली. मी चहा केला आणि सुजाताला फोन लावला.

"घर साफ झालं. परवा ये."

"खरंच, बाबा?" तिचा आवाज एकदम लहानपणीचा झाला. "मी पिशवी भरूनच ठेवली हाय. मी आईच्या खोलीत राहीन. खिडकीजवळची खाट काढू नका."

"नाही काढत."

"अन् तुमी जेवण करून राह्यले का बरोबर? का नुसता चहा?"

"जेवतो."

फोन ठेवला आणि मायाची खोली काढायला घेतली. तीन वर्षं मी त्या खोलीत झोपलो नव्हतो. खाट बाहेर काढून उन्हात टाकली, भिंती झाडल्या, फरशी दोनदा धुतली. त्या सकाळी मी सुखात होतो. शिट्टीसुद्धा वाजवली असेल. तीन महिने घरात माणसांचे आवाज असणार होते, लेकरू रडणार होतं आणि मला झोप लागणार नव्हती. यापलीकडे मला काही नको होतं.

१३१० ला मी जेवायला बसलो. बाहेर उन्हाचा कहर होता, कवेलू तापून तडतडत होते. पहिला घास तोंडात घातला आणि वरून आवाज आला. बारीक, चिरका, थांबून थांबून. मला वाटलं उंदीर. मग आवाज वाढत गेला आणि एकाचे अनेक झाले. ताट सरकवलं आणि शिडी लावली.

माळ्यावर भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. टॉर्च मारला. मधल्या आढ्याच्या सांध्यात पिल्लं लटकली होती. बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, अंगावर केस नाही. एकमेकांना चिकटून झुंबड केलेली आणि सगळी ओरडत असलेली. काही खाली पडली होती. एक माझ्या फौजेतल्या काळ्या पेटीवर पडलं होतं, पांढऱ्या रंगानं लिहिलेल्या माझ्या नावावर. ते हलत नव्हतं.

ज्यांना उडता येत नाही ती कधी बाहेर पडलीच नव्हती. मग ती माझ्या मोजणीत येणार कुठून?

मी शिडीच्या वरच्या पायरीवर टॉर्च धरून तसाच उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. वेळ न पाहण्याची ती माझ्या आयुष्यातली दुसरी खेप.

पहिली खेप बावीस वर्षांपूर्वीची, उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवरची. पोस्टचं नाव सांगत नाही, सवय नाही. आम्ही तेवीस माणसं होतो. रोजचं काम ठरलेलं. बर्फ काढायचा, रॉकेल मोजायचं, रेडिओ चेक द्यायचा आणि दिवसाआड सात जणांच्या पार्टीनं गस्त घालत खालच्या वळणापर्यंत जाऊन यायचं. त्या दिवशी मी गेटवर गार्ड कमांडर होतो. सात जण ०९०० ला गेले. सहावा होता नायक दत्ता खराटे, परभणीकडचा. आमच्या पोस्टवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तो रोज मला चिडवायचा की तुझं मराठी अर्धं तेलुगू आहे. मी त्याला म्हणायचो, तुझं पूर्ण गावठी आहे. जाताना म्हणाला, "चहा गरम ठेव रे, आदिलाबाद." एवढंच.

१४३० ला वारा सुटला. पाच मिनिटांत समोरचा हात दिसेना. गेटवर कंदील असायचा. पार्टी बाहेर असली की तो पेटता ठेवायचा आणि मोजणी पूर्ण झाली की विझवायचा, कारण तेल खालून पाठीवर यायचं. १५१० ला पार्टी आली. सगळे पांढऱ्या पारक्यात, म्हणजे टोपीच्या जाड बर्फकोटात, तोंडं बांधलेली, कमरेत वाकलेले. मी गेटच्या खांबाला धरून एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.

माझा सेंट्री ओरडला, "उस्ताद, चेहरे नहीं दिख रहे!"

"गिनती पूरी है," मी म्हणालो. "बंद करो."

गेट बंद झालं. कंदील मी स्वतः फुंकला.

खालच्या वळणावर त्यांना आमचा पोर्टर भेटला होता, डाक घेऊन वर येणारा. त्यालाही पांढरा पारका दिलेला होता. सातवा खांदा त्याचा होता.

ते कळलं १५५० ला. कुकनं पार्टीसाठी सात मग चहा भरला होता. पोर्टर स्वतःच्या डब्यात प्याला. ट्रेवर एक मग तसाच राहिला. निळा, कडेला टवका उडालेला. तो दत्ताचा होता. त्याच्याकडे बघत मी किती वेळ उभा होतो, ते आजही सांगता येत नाही.

मी रेडिओवर गेलो.

"चार्ली, अल्फा बोल रहा है. एक आदमी बाहर है. ओव्हर."

"अल्फा, नाम बताओ. ओव्हर."

"नायक दत्ता खराटे. सर्च पार्टी तैयार है. ओव्हर."

"अल्फा, मौसम खुलने तक कोई बाहर नहीं जाएगा. फिर से कहता हूँ, कोई नहीं. ओव्हर."

"रॉजर."

तरी आम्ही चौघं दोर बांधून गेटपासून तीस पावलं गेलो. वाऱ्यानं चौघांनाही आडवं केलं. सुभेदारसाहेबांनी दोर ओढून आम्हाला आत घेतलं. मी कंदील पुन्हा पेटवला आणि दोन दिवस विझू दिला नाही. त्याचा आता काय उपयोग होता?

तिसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. दत्ता गेटपासून दोनशे पावलांवर सापडला. खडकाला पाठ लावून बसला होता. तोंड गेटकडे. तो जवळजवळ पोचला होता. उजेड दिसला असता तर आला असता.

चौकशी झाली. कागदावर हवामानाचं कारण आलं, कुणाचीच चूक निघाली नाही. मी त्याला घेऊन परभणीकडे त्याच्या गावी गेलो. त्याच्या आईला सांगितलं, "वारा अचानक आला, आई." ते खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं मी कुणालाच सांगितलं नाही, मायालाही नाही. घरी येऊन नुसता दारावर बल्ब लावला आणि तो रात्रभर विझवायचा नाही असा नियम केला.

माळ्यावर मी भानावर आलो तेव्हा शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. खाली उतरलो. कातडी हातमोजे शोधले, पक्कड घेतली. गंगन्नाला निरोप पाठवायला वेळ नव्हता. उन्हात शिडी लावून मी ती जाळी उपटली. एक खिळा हातात घुसला. मग वर चढून पडलेली पिल्लं एकेक करून आढ्याला लावली. नखं टेकली की ती लगेच धरून ठेवत होती, इतकी चिकट पकड होती त्यांची. ओलं पोतं आणून माळ्यावर पसरलं, जरा गारवा यावा म्हणून. चार पिल्लं मेली होती. त्यांना चिंचेखाली खड्डा केला.

त्या संध्याकाळी १८४० ला मी पुन्हा खुर्चीवर बसलो. वही घेतली नाही, खडे घेतले नाहीत. आता बाहेर येणारं कुणी नव्हतंच. सगळ्या आया बाहेर होत्या. सकाळी त्यांनी पाऊण तास दार ठोठावलं होतं आणि मी चहा प्यालो होतो. त्या पुन्हा कशाला येतील? वरून चिरके आवाज येत होते, पण दुपारपेक्षा कमी.

बल्ब लावला. १९०० झाले. १९१०. आकाशात काही नाही. मी देवाचं नाव घेणारा माणूस नाही. मी दत्ताचं घेतलं. मोठ्यानं घेतलं, कारण ऐकायला होतंच कोण?

१९१८ ला पडक्या जिनिंगच्या बाजूनं एक आलं. बल्बाभोवती फेरी मारली, भिंतीपाशी गेलं, वळलं, पुन्हा आलं आणि फटीत शिरलं. मग दुसरं. मग मोजता येईनात इतकी. वरचा आवाज एकदम वाढला आणि मग हळूहळू शांत झाला. मी खुर्चीतच रडलो. साठी जवळ आलेला माणूस, अंगणात, बल्बाखाली. कमलाबाईंनी कुंपणावरून पाहिलं आणि आत गेल्या. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

मग सुजाताला फोन लावला.

"उद्या-परवा येऊ नको."

"काऊन बाबा? बिमार हाय का तुमी?"

"नाही. वर पिल्लं आहेत. मी बंद केलं होतं. आता उघडलं."

मागे विहीणबाईंचा आवाज येत होता, काय झालं, काय म्हणतात.

"कवा उडतील ते?" सुजातानं विचारलं.

"महिना. सव्वा महिना."

"मले तवा नववा लागते. डॉक्टर बसमंदी बसू देनार नाई."

"माहीत आहे."

"मले आईच्या खोलीत यायचं होतं, बाबा." तिचा आवाज फुटला. "चार वटवाघळांसाठी तुमी मले नको म्हणून राह्यले?"

तिला राग यायलाच हवा होता. मी म्हणालो, "सुजाता, तुला एक गोष्ट सांगतो. तुझ्या आईला नाही सांगितली." आणि सांगितली. कंदील, सात खांदे, निळा मग, दोनशे पावलं. मी बोललो तसंच बोललो, रिपोर्ट दिल्यासारखं. दुसरं मला येत नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, "म्हणून लाईट."

"हो."

"बरं, बाबा. मी इथंच राहीन. तुमी हाताला काही लावा, खिळा लागला म्हणता ना."

खिळ्याचं मी बोलता बोलता सांगून गेलो होतो. तेवढं तिनं बरोबर पकडलं. माया अशीच होती.

नात आषाढात झाली, भैंशाच्या दवाखान्यात. फोन आला तेव्हा मी कवेलूंवरून गळणाऱ्या पाण्याखाली बादल्या मांडत होतो. दुसऱ्या दिवशी बसनं गेलो. विहीणबाईंनी लेकरू माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पकडा नीट. रायफल नाई हे." दोन तास बसलो आणि शेवटच्या बसनं परत आलो. त्या घरी माझं राहण्याचं काही काम नव्हतं. रस्ताभर माझ्या हाताला तिच्या दुपट्याचा वास येत होता. घरी आलो तर माळ्यावर खसखस चालू होती. ज्यांच्यापायी माझी लेक आली नाही तीच मला सोबत करत होती, आणि मला त्यांचा राग येत नव्हता. एकटेपणात माणसाला कुणावरही रुसणं परवडत नाही.

श्रावणात शेवटची, मागाहून जन्मलेली पिल्लंही उडायला लागली. गंगन्नाला बोलावलं. या वेळी संध्याकाळी सगळी निघाल्यावर मी स्वतः माळ्यावर चढलो, टॉर्चनं सांधा न् सांधा पाहिला. पहिल्या दिवशी आत तीन उरली होती. दुसऱ्या दिवशी एक. ते एक दोन दिवस निघेना. गंगन्ना दोन्ही दिवस शिडीखाली बिडी ओढत बसला. तिसऱ्या दिवशी तेही गेलं. मी आत फिरून, हातानं चाचपून खाली आलो.

"अंदर कोनी?" गंगन्नानं विचारलं.

"कोणी नाही. पाहून आलो."

"मंग ठोकू?"

"ठोक."

नात अडीच महिन्यांची झाली तेव्हा सुजाता तिला घेऊन आली. आठ दिवस राहिली, मायाच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर. मला झोप मिळाली नाही आणि मिळाली नाही याचा फार आनंद झाला. पहिल्या संध्याकाळी मी पोरीला मांडीवर घेऊन बसलो होतो. बटण दाबल्याचा आवाज आला आणि दारावर उजेड पडला.

सुजाता दारातून म्हणाली, "दत्ताकाकाचा दिवा लावला, बाबा."

बावीस वर्षांत माझ्या घरात त्याचं नाव दुसऱ्या कुणी पहिल्यांदा घेतलं. मी मान हलवली. पोरीनं माझं बोट धरलं होतं, तेवढंच बरं झालं, नाहीतर हाताचं काय करायचं ते मला सुचलं नसतं.

नवव्या दिवशी जावई येऊन त्यांना घेऊन गेले. ऑटो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी उभा होतो. आता माळा झाडलेला आहे आणि शांत आहे. वर कुणी नाही, खाली मी. पुढल्या महिन्यात परभणीकडे जायचं ठरवलं आहे. दत्ताची आई आता ऐंशीच्या पुढे असेल, असली तर. उरलेलं अर्धं तिला सांगायचं आहे. ती जे बोलेल ते ऐकून घ्यायचं आहे.

दिवस बुडाला की मी अंगणात खुर्ची टाकतो. जिनिंगकडून वटवाघळं येतात, बल्बाभोवतीचे किडे टिपतात आणि जातात. मी मोजत नाही. आत जाताना दारात उभा राहून नावं घेतो. माया. सुजाता. तिची पोर. शेवटी, नायक दत्ता खराटे. रोल कॉलला माणसाला हाजिर म्हणायला जेवढा वेळ देतात तेवढा थांबतो. मग दार लोटून घेतो. दिवा चालू असतो.